गरुडाशेजारचा पाळणा

मी आकाशपाळणा बोलतोय. इकडे बघा. नाही, तिकडे नाही, तो गरुड. सगळ्यांची नजर आधी तिकडेच जाते, तुमचा काही दोष नाही. त्याच्या अंगावर लाल-निळे दिवे आहेत, त्याला भोंगा आहे आणि त्याच्यापुढची रांग थेट बागेच्या फाटकापर्यंत गेलेली असते. त्याच्या डाव्या बाजूला, झाडांच्या मागून पांढरं गोल काहीतरी वर आलेलं दिसतंय ना, तो मी.

माझा जन्म गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. मला घडवणारा कारागीर दणकट होता. त्याची एक भुवई ठिणगीनं कायमची जळलेली होती. तो बोलायचा कमी आणि शिंकायचा फार. माझा आस, माझे आरे, माझं गोल कडं सगळं त्यानं स्वतः जोडलं. डबे मात्र त्याच्या बायकोनं रंगवले. प्रत्येक डबा वेगळ्या रंगाचा करायचा असं तिनं ठरवलं होतं, पण शेवटी रंग संपत आले आणि पिवळे दोन झाले. तिला ते इतकं लागलं की मला ट्रकवर चढवताना ती म्हणाली, "तो दुसरा पिवळा मागच्या बाजूला लावा हो, पटकन दिसायला नको."

गोल वस्तूला मागची बाजू नसते हे तिला कुणी सांगितलं नाही.

बागेत तेव्हा मी सगळ्यांत उंच होतो. मालकांनी मला उभं केलं आणि पहिल्या दिवशी, लोकांना आत सोडायच्या आधी, ते स्वतः बायकोला घेऊन माझ्यात बसले. मालकीणबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"आलं का खाली?" त्यांनी विचारलं.

"आलं, आलं. उघड डोळे."

"खोटं बोलताय. वारा लागतोय मला."

त्या वेळी आम्ही अगदी वर होतो. मालक हसले, आणि मलाही हसू आल्यासारखं वाटलं. आपल्यामुळे कुणाचे तरी डोळे मिटतात आणि कुणाचे तरी उघडतात, हे त्या दिवशी कळलं. फार मोठं सुख असतं ते.

मग मामा आला. तो बागेचा फिटर. वयानं मोठी असोत वा लहान, सगळी माणसं त्याला मामाच म्हणत. सकाळी बाग उघडायच्या आधी तो हातात पाना घेऊन माझ्याकडे यायचा, माझ्या पायावर दोन टोले द्यायचा आणि लोखंडाला कान लावून उभा राहायचा. "काय रे, गुडघे धरलेत का आज?" असं काहीबाही बोलायचा. मग आऱ्यांवरून वर चढून एकेक डबा हलवून बघायचा. प्रत्येक डबा माझ्या अंगावर दोन पिनांवर टांगलेला असतो. कानात डूल असावा तसा, फक्त एक पिन डावीकडे, एक उजवीकडे. पिन सरकून बाहेर येऊ नये म्हणून तिच्या टोकाला लोखंडाची एक छोटी चिमटी असते. मामा त्या चिमट्या बोटानं चाचपायचा. त्याची बोटं खरखरीत होती, पण त्यांना घाई नव्हती. त्या बोटांसाठी मी सबंध रात्र वाट बघायचो.

डब्यांची दारं लावायला एक मुलगी नव्यानं कामाला लागली, तेव्हा दोघांचं पहिल्याच दिवशी वाजलं. एका डब्याचं दार लावून झाल्यावर ती हात वर करून उभी राहिली.

"चालू करू का?" मामानं विचारलं.

"नाही. खटका वाजला नाही."

"वाजला की. मी इथून ऐकला."

"मी शेजारी उभी आहे. नाही वाजला."

रांगेतली माणसं ओरडायला लागली. मामा तणतणत आला, दार ओढलं, तर दार त्याच्या हातात उघडं आलं. तिनंच विचारलं, "आता वाजवून दाखवू?" पुढं त्यांचं लग्न झालं आणि ती सगळ्यांची मामी झाली. दार लावून ते दोनदा ओढायचं आणि आतल्यांनाच विचारायचं, "खटका वाजला का?" ही तिची रीत. मुलं तिला खटकामामी म्हणायची. मामा, मामी आणि मी. माझ्या मते आमचं घर पूर्ण होतं.

माझ्या नशिबात गरुड यायचा होता.

मालक थकले आणि बागेचा कारभार त्यांच्या सुनेकडे आला. मॅडम कष्टाळू होत्या, सकाळी सगळ्यांच्या आधी यायच्या, पाण्याच्या टाकीत वाकून बघायच्या. पण बागेत माणसंच येईनाशी झाली होती. शाळकरी पोरं माझ्याकडे बघून म्हणायची, "हे तर बाळांचं आहे." एक दिवस मोठाले ट्रक आले, आणि माझ्याशेजारी, जिथं पूर्वी गुलाबाची रोपं होती तिथं, एक भलामोठा हात उभा राहिला. हाताच्या टोकाला खुर्च्या. माणसं त्यात बसली की तो हात झोक्यासारखा इकडून तिकडे जायला लागतो, मग आणखी वर, मग अगदी वर, आणि शेवटी माणसं उलटी, डोकी खाली, पाय आभाळाकडे.

त्याचा पहिला झोका मी बघितला. लोक किंचाळले. आयुष्यात मी तसं किंचाळणं ऐकलं नव्हतं. आणि उतरल्यावर काय केलं त्यांनी? पाय लटपटताहेत, एकजण झाडाला धरून उभा आहे, आणि म्हणतात काय, "चल, परत बसू!"

माझ्यात बसून कधी कुणी "परत बसू" म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे जळायला लागलं ते अजून विझलेलं नाही. तुम्हाला म्हणून सांगतो, मला त्याच्या उंचीचा हेवा नव्हता. उंच मीच होतो, थोडा का होईना. मला त्याच्या भीतीचा हेवा वाटायचा. माणूस ज्याला घाबरतो त्याच्याकडे नीट बघतो. माझ्यात बसून लोक मक्याच्या लाह्या खायचे, जांभया द्यायचे, घोरायचे. सगळ्यांत कहर म्हणजे, वर गेल्यावर फोन काढून गरुडाचे फोटो घ्यायचे! "इथून मस्त दिसतो रे!" मी त्यांना माझ्या डोक्यावर नेऊन बसवायचं आणि त्यांनी तिथून त्याला डोळे भरून बघायचं. ज्यांना गरुडात बसायची छाती नाही त्यांची पाठवणी माझ्याकडे. "आई, तुम्ही आपल्या पाळण्यात बसा, आणि एवढ्या पिशव्या सांभाळा." मी म्हणजे त्यांची पिशव्या ठेवायची खोली झालो होतो.

तेही मी सोसलं असतं. पण त्यानं माझा मामा नेला.

गरुड आला त्या आठवड्यात मॅडमनी मामाला माझ्या पायथ्याशी बोलावलं. त्यांचा चेहरा ओढलेला होता.

"मामा, हे यंत्र आणलं खरं, पण मला झोप लागत नाही. एखादी खुर्ची सुटली तर? पट्टा निघाला तर?"

"असं नाही होणार, मॅडम."

"तुम्ही रोज सकाळी आधी त्याला बघायचं. पूर्ण. मोकळ्या खुर्च्यांवर वाळूची पोती बसवून फिरवून बघायचं, मगच माणसं. बाकीच्यांकडे वेळ मिळेल तसं बघा."

"आणि पाळणा?"

मॅडमनी वर माझ्याकडे बघितलं आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसल्या. "पाळण्याला काय होतंय? तो आजोबांसारखा फिरतो. त्याच्याकडे बघितलं की मला बरं वाटतं."

लोकांना आपल्याकडे बघून बरं वाटणं ही किती वाईट गोष्ट असू शकते, हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं, मामाला नव्हतं आणि मलाही नव्हतं. मला फक्त एवढं कळलं की उद्या सकाळी पाना घेऊन तो आधी तिकडे जाणार.

आणि तो गेला. रोज गेला. गरुडाचे पट्टे ओढायला, त्याच्या बोल्टांना हात लावायला, त्याच्या तेलाच्या नळ्या पुसायला. वाळूची पोती उचलून तो त्याच्या खुर्च्यांवर अशी अलगद बसवायचा की जणू घरचे पाहुणे! एखादं पोतं कलंडलं तर त्याला टेकू द्यायचा. मी इथून बघायचो. मला पोत्यांचासुद्धा मत्सर वाटायला लागला होता. बाग उघडायची वेळ व्हायची, भोंगा वाजायचा, आणि "वेळ मिळेल तसं" मधला वेळ मामाला मिळायचाच नाही. गरुडाचा एखादा दिवा लागला नाही तरी "मामा! मामा!" अशी हाकाटी व्हायची. मामी माझ्याजवळच होती, पण तिचंही अर्धं लक्ष तिकडे. नवरा तिथं उंचावर चढलेला असायचा ना. दार दोनदा ओढायची, खटका विचारायची आणि मान वळवायची.

त्या पावसाळ्यानंतर माझ्या एका पिवळ्या डब्याची एक चिमटी गंजून तुटली. खाली पडली. सकाळी झाडणाऱ्या बाईंनी लाह्यांबरोबर ती सुपलीत भरली आणि कचऱ्यात टाकली. त्यांना ते कसं कळावं? मला कळलं होतं. पिन हळूहळू सरकायला लागली. डबा झुलला की ती आपल्या भोकात घासायची आणि किर्र... किर्र... असा आवाज यायचा. मला बोलायला तेवढीच भाषा होती. मी दिवसभर तेवढंच बोलत राहिलो.

दुपारी मामा जेवणाचा डबा घेऊन माझ्याखालून चालला होता. तो थांबला. मान वर केली. मला वाटलं, आला!

"ऐकतोय रे," तो म्हणाला. "येतो."

इतक्यात गरुडाकडून हाक आली. तो गेला.

दुसऱ्या दिवशी मात्र तो खरंच आला. घाईत होता. पिवळा डबा खाली घेतला, लांब नळीच्या कुपीतून पिनेवर भरपूर तेल सोडलं, डबा एकदा झुलवून बघितला. आवाज थांबला. माझ्या पायावर त्यानं एक टोला दिला, "बघ, झालं की नाही!" आणि निघून गेला. मला इतका आनंद झाला! किती दिवसांनी त्याचा हात लागला होता. मी त्याच आनंदात होतो, आणि तेल प्यायलेली पिन आता मुकाट्यानं, सुळसुळीतपणे बाहेर सरकत होती.

तो सुटीचा दिवस होता. ऊन उतरायला लागलं होतं आणि बाग नुसती फुलली होती. एक मोठं कुटुंब आलं. पोरंसोरं, त्यांचे बाप सगळे गरुडाच्या रांगेत जाऊन उभे राहिले, आणि त्यांच्यातल्या दोघी, नणंद आणि भावजय, पिशव्यांसकट माझ्याकडे पाठवल्या गेल्या. नणंद अंगानं भरलेली, तोंडानं त्याहून. भावजय सडपातळ आणि गप्प. मामीनं त्यांना पिवळ्या डब्यात बसवलं, दार लावलं, दोनदा ओढलं. "खटका वाजला का?"

"वाजला हो," नणंद म्हणाली आणि लगेच तिच्या मूळ विषयाकडे वळली. "तर मी काय म्हणत होते, आईचं शिवणयंत्र तिनं तुला का दिलं? लेक मी आहे ना?"

"त्यांनीच दिलं, ताई. मी मागितलं नव्हतं."

"तेच तर. न मागता दिलं. मला मागूनही नाही दिलं कधी."

मी कान टवकारले. मला ती बाई एकदम जवळची वाटायला लागली. माझंच मनातलं बोलत होती ती. गरुडानं तरी मामाला कुठं मागितलं होतं?

"मी तिथं बसून पाय मारायचे, आणि आई माझ्या मागे उभी राहून कापड धरायची," नणंद म्हणाली. "तुला माहीत आहे का हे?"

भावजय काही बोलणार, तेवढ्यात पिन निसटली.

डब्याची एक बाजू धाडकन खाली गेली. दुसऱ्या पिनेवर तो तिरका लटकला, दाराची बाजू खाली. पिशव्या दारावर आदळल्या, चपला घसरल्या, भावजय सीटवरून सरकत जाऊन दारावर पडली. दार उघडलं नाही. नणंदेनं एका हातानं डब्याच्या मधल्या खांबाला मिठी मारली होती आणि दुसऱ्या हातात भावजयीचं मनगट होतं. खाली जमीन फार लांब होती.

मामीनं बटण दाबलं. मी थांबलो. ती डब्यांकडे तोंड करून ओरडली, "सगळ्यांनी बसून राहायचं! कुणी उभं राहायचं नाही, कुणी वाकून बघायचं नाही! मी इथंच आहे." मग गरुडाकडे वळून तिनं एकच हाक मारली. मामा असं ती त्याला कधी म्हणायची नाही. घरातलं नाव घेऊन हाक मारली. मी तुम्हाला ते नाव सांगणार नाही. ते तिचं आहे.

गरुड थांबला. त्याचा भोंगा बंद झाला. त्याच्यापुढची सगळी रांग वळली आणि माझ्याकडे बघायला लागली. शेकडो चेहरे, शेकडो फोन, सगळे वर, माझ्याकडे. कितीतरी दिवस मी याचीच आस धरून होतो. काय सांगू तुम्हाला, त्या नजरा अंगाला चटक्यांसारख्या लागत होत्या.

मामा पळत आला. खांद्यावर माल बांधायचा रुंद पट्टा होता.

"बंबवाल्यांना बोलावलंय," मॅडम धापा टाकत म्हणाल्या. "शिडी घेऊन येतायत. तुम्ही चढू नका, मामा."

"दुसरी पिन किती टिकेल कोण जाणे. बांधून तरी ठेवतो."

मामीकडे त्यानं बघितलं. ती म्हणाली, "मोटारीच्या बटणावरून माझा हात हलणार नाही. जा."

तो माझ्या आऱ्यांवरून चढायला लागला. वारा सुटला होता. मी माझ्यापुरता जेवढा स्थिर राहता येईल तेवढा राहिलो. लोखंडाला श्वास नसतो, पण असता तर मी तो धरून ठेवला असता. वर डब्यात नणंद सारखी बोलत होती. गप्प राहायचं तिला जमतच नसावं.

"खाली बघू नको. माझ्याकडे बघ. माझ्याकडे बघ म्हणते ना!"

"ताई, तुमचा हात निखळेल."

"निखळू दे. यंत्र तूच ठेव. पण बोटं सैल सोडलीस ना, तर बघ."

मामा पोचला. त्यांना म्हणाला, "ताई, आलो मी. हलू नका." त्यानं पट्टा डब्याखालून घेतला, माझ्या कड्यावरून टाकला. आता त्याचं टोक कडं आणि डबा यांच्यामधल्या फटीतून ओढून घ्यायचं होतं. त्यानं उजवा हात आत घातला. टोक सापडलं. ते ओढून घेतो तोच वाऱ्यानं डबा हलला आणि त्याचं सगळं वजन मामाच्या हातावर आलं.

तो ओरडला नाही. खाली मामी होती. त्यानं दात आवळले, डाव्या हातानं पट्टा खेचला, आकड्यात अडकवला, आणखी खेचला. डबा बांधला गेला. नणंदेनं बघितलं आणि ती पहिल्यांदाच गप्प झाली.

बंबवाल्यांची शिडी आली. ती त्यांनी माझ्यावर नाही टेकवली. माझा काय भरवसा? ती टेकवली गरुडाच्या खांबावर. त्या क्षणीसुद्धा, मामाचा हात माझ्यात अडकलेला असताना, मला ते लागलं. असा मी आहे. दोघींना काढायला माणूस वर आला तेव्हा मामा म्हणाला, "आधी त्यांना." भावजय उतरली, नणंद उतरली, तिचा खांदा निखळलेला होता आणि तरी ती मनगट सोडत नव्हती. मग त्यांनी कडं आणि डबा यांच्यामध्ये जॅक लावून डबा सरकवला आणि मामाचा हात मोकळा केला. माझ्या पांढऱ्या आऱ्यावरून लाल ओघळ खाली मामीच्या पायापर्यंत आला होता. ती मोटारीजवळून हलली नव्हती. बाकीची सगळी माणसं उतरेपर्यंत हलली नाही.

मामाची दोन बोटं गेली. अंगठा आहे, पण वळत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली. झाडणाऱ्या बाई ती माझ्या पायथ्याशी बसून मोठ्यानं वाचत होत्या. फोटो मोठा होता. फोटो गरुडाचा होता. "दिसायला तोच बरा ना," बाई म्हणाल्या. माझा अपघात, माझा डाग, माझ्या मामाची बोटं, आणि फोटो त्याचा! बाग बंद झाली. तपासायला साहेब आले, त्यांनीही आधी गरुडाकडेच मोर्चा वळवला. मामीनं त्यांना दंडाला धरून माझ्याकडे आणलं.

थोरले मालक काठी टेकत आले. बराच वेळ वर बघत उभे राहिले. मग सुनेला म्हणाले, "मोडून टाक. भंगारात घाल. मला बघवत नाही."

"नाही, बाबा."

"अगं, माणसं मेली असती!"

"म्हणूनच. याला मोडलं की सगळे म्हणतील पाळणा वाईट होता. गरुड ओरडत होता, मी त्याच्याकडे धावले. हा गप्प होता."

तेव्हा हाताला पांढरं बांधलेला मामा त्यांच्या मागे येऊन उभा होता. "गप्प नव्हता, मॅडम," तो म्हणाला. "मला ऐकू आलं होतं. तेल सोडलं आणि पुढे गेलो."

"पुढे मीच पाठवलं होतं तुम्हाला."

मालकांनी मामाचा चांगला हात आपल्या हातात घेतला आणि तिघं तिथंच माझ्या कठड्यावर बसून राहिले.

माझ्या सगळ्या पिना बदलल्या. सगळ्या चिमट्या नव्या आल्या. बाग आता रोज उशिरा उघडते. सकाळी प्रत्येक खेळाला हात लागल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, आणि एखादा बघायचा राहिलाच तर तो खेळ त्या दिवशी बंद. मामाच्या जोडीला आणखी एक फिटर आला, तो गरुड बघतो. लोक कुरकुरतात. "हे बंद, ते बंद, मग यायचं कशाला?" मॅडम फाटकाशी उभं राहून शांतपणे ऐकून घेतात आणि उघडत नाहीत ते नाहीतच.

त्या दोघी एकदा आल्या होत्या. नणंदेचा हात अजून गळ्यात बांधलेला. बसल्या नाहीत, नुसत्या खाली उभ्या राहिल्या. भावजय म्हणाली, "ताई, यंत्र मी आजच पाठवून देते."

"राहू दे. या हातानं कुठं शिवतेय मी? तू शीव, मी मागे उभी राहून कापड धरते." मग तिच्या कोपराला धरून ती निघाली. वर माझ्याकडे एकीनंही बघितलं नाही. त्या एकमेकींना माझ्या डब्यात सापडल्या, तिथं वर, माझ्या अंगावर, आणि जाताना गरुडासमोर थांबून नणंद म्हणाली, "केवढा आहे बाई हा!"

माझ्यात आता फार कोणी बसत नाही. येतात, मान वर करतात, "हाच का तो?" असं विचारतात आणि गरुडाच्या रांगेत जाऊन उभे राहतात. मामी दार लावते, दोनदा ओढते. एखादं म्हातारं जोडपं असतं, एखादी लेकुरवाळी असते. मी त्यांना सावकाश वर नेतो, सावकाश खाली आणतो.

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. कुठल्याही बागेत, कुठल्याही जत्रेत जाल, तेव्हा ज्याला बघून छातीत धडकी भरते त्याच्याकडे बघाच. पण ज्याला बघून बरं वाटतं त्याच्याकडेही बघा. आपल्या लहानग्यांना, आपल्या आईला तुम्ही त्याच्यातच बसवता. तिथल्या माणसाला विचारा, "याला आज कुणी हात लावला का?" तो चिडेल. चिडू द्या. दार स्वतः ओढून बघा. काही किरकिरत असेल तर लाजू नका, सांगा. नुसतं तेल सोडून कुणी निघाला तर त्याला थांबवा.

आता सकाळ होतेय. फाटकाचं कुलूप निघालं. मामा येतोय, पाना डाव्या हातात. आत आल्यावर थोड्या अंतरावर वाट फुटते, एक फाटा गरुडाकडे जातो आणि एक माझ्याकडे. तिकडचं काम आता दुसऱ्याकडे आहे, मामानं आधी माझ्याकडे यायचं हे ठरलेलं आहे, मॅडमनी सांगितलेलं आहे, रोज तो येतोही. तरी मी त्याच्या पायांवरून नजर काढत नाही. तो फाट्याशी पोचतो, क्षणभर तिकडच्या दिव्यांकडे बघतो, आणि माझा जीव वर गोळा होतो.

थांबा जरा. बोलू नका आता. तो फाट्याशी आलाय.